गर्भारपणातली योगासने : कोणती, किती आणि कुठे थांबायचे

प्रश्न नांदेडजवळच्या एका पहिलटकरणीचा आहे. बाविसावा आठवडा चालू, हिमोग्लोबिन ९.४, रक्तदाब व्यवस्थित. दिवसातले चार-पाच तास शिलाई मशीनवर, बाकी घरकाम आणि पाणी भरणे. लग्नाआधीपासून सूर्यनमस्कारांची सवय, म्हणून मोबाईलवरचे व्हिडिओ बघून आसने सुरू केली. पण उताणे निजून काही केले की जीव घाबरा होतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. सासूबाई म्हणतात, अजिबात वाकू नको. व्हिडिओतली बाई म्हणते, रोज १२ सूर्यनमस्कार घाला. ऐकायचे कोणाचे?

आधी जीव का घाबरतो ते पाहू, कारण त्यावर पुढचे बरेच ठरते. पाठीच्या कण्याला लागून, किंचित उजवीकडे, एक मोठी शीर पायांकडचे रक्त हृदयाकडे नेते. साधारण विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशय इतके जड होते की उताणे निजल्यावर त्याचा भार या शिरेवर येतो. हृदयाकडे परतणारे रक्त घटते, रक्तदाब उतरतो, घाम फुटतो, मळमळते, अंधारी येते. बाळाकडे जाणारे रक्तही त्या वेळी कमी होते. उपाय सोपा आहे : लगेच डाव्या कुशीवर वळायचे. मिनिटा-दोन मिनिटांत बरे वाटते. रात्री झोपेत उताणे झालात म्हणून धास्ती घेऊ नका, जाग आली की कूस बदला. मात्र आसनांच्या यादीतून उताणे शवासन, पवनमुक्तासन, उत्तानपादासन आणि लांबवलेले सेतुबंधासन आता काढून टाका. पाय वर घेऊन आराम हवाच असेल तर भिंतीशी लोड आणि दोन उशा रचून पाठ अर्धी उभी ठेवा आणि पाय एका उशीवर टेकवा.

दुसरी गोष्ट हिमोग्लोबिन. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. ७ ते ९.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय, तुम्ही त्यात येता. ७ च्या खाली असेल तर आसने पूर्ण बंद, आधी उपचार. ९.४ वर हलकी आसने चालतात, पण उठबस सावकाश, दोन आसनांमध्ये तीन-चार श्वासांची उसंत, आणि डोके एकदम खाली किंवा एकदम वर असे काही नाही. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. एक घ्यायची की दोन, हे डॉक्टर सांगतील. ती चहासोबत घेऊ नका, गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नकोच. कॅल्शियमच्या गोळीशीही दोन तासांचे अंतर ठेवा. गोळ्या नीट पोटात गेल्या नाहीत तर आसने करताना धाप लागत राहील आणि दोष मात्र आसनांवर येईल.

तिसरी गोष्ट सोनोग्राफीचा अहवाल. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास केलेल्या सोनोग्राफीत वार (बाळाला पोसणारी, नाळ जिला जोडलेली असते ती) कुठे आहे ते लिहिलेले असते. डॉक्टरांना सरळ तीन प्रश्न विचारा : वार खाली आहे का, गर्भाशयाचे तोंड आखूड आहे का किंवा टाका घालायची गरज आहे का, आणि माझ्यासाठी कोणती हालचाल वर्ज्य आहे. विसाव्या आठवड्याला खाली दिसलेली वार पुढे बहुतेकींची वर सरकते, म्हणून डॉक्टर नंतर पुन्हा बघायला सांगतात. तोवर उकिडवे बसण्याची आणि पाय फार फाकवण्याची आसने थांबवा. खासगीत वेळ देत नसतील तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन आशाताईंबरोबर जा.

काही बायकांनी आसने करूच नयेत. गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला, अंगावरून रक्त जात असलेले, पाणी गेलेले, मुदतीआधी कळा येण्याचा धोका सांगितलेला, रक्तदाब वाढून लघवीत प्रथिने आलेली, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असलेला. जुळी असतील किंवा गर्भ उपचारांनी राहिला असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय नाही. अशा वेळी पडून राहून संथ श्वसन एवढे पुरे, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

एक हिशेब इथेच नीट करून घ्या. आपल्याकडे 'पाचवा लागला, सहावा लागला' असे मोजतात, डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. दोन्हींत दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. व्हिडिओत 'दुसऱ्या तिमाहीसाठी' लिहिलेले असते, म्हणजे साधारण १४ ते २७ आठवडे. कार्डावरचे आठवडे बघून चला. नव्याने सुरू करणारीने १४ आठवड्यांनंतर सुरू करावे, कारण त्याआधी उलट्या आणि थकवाच पुरेसा असतो. पहिल्या तिमाहीत गर्भ पडला तर तो बहुधा गर्भाच्या घडणीतल्या दोषामुळे पडतो, हलक्या हालचालीमुळे नाही. तेव्हा 'आसने केली म्हणून झाले' असा बोल कोणीही लावू नये.

आता मूळ मुद्दा. आसनांची निम्मी निवड पोट बघून होते, उरलेली निम्मी दिवसभराचे काम बघून करायला हवी, आणि व्हिडिओत नेमके हेच सुटते. तुम्ही मशीनवर पुढे वाकून बसता, मान खाली, खांदे पुढे, पाय लोंबकळलेले किंवा पायट्यावर. तुम्हाला छाती उघडणारे, पोटऱ्या हलवणारे आणि कंबर सैल करणारे हवे. जी बाई दिवसभर कापूस वेचते, कमरेला ओटी बांधून वाकून चालते, तिला घरी येऊन मालासनाची, म्हणजे उकिडवे बसण्याच्या आसनाची, गरज नाही. तिला कुशीवर पडायची आणि पाय टेकवायची गरज आहे. खुरपणीला जाणारी तर दिवसभर उकिडवीच असते. आणि ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बाईच्या डोक्यावर मोळी असेल तर तिला कोणते आसन सांगावे हा प्रश्नच चुकीचा आहे. तिचे ओझे उतरवणे एवढाच सल्ला खरा. 'जुन्या बायका कामे करत होत्या, त्यांची बाळंतपणे सहज व्हायची' हेही अर्धेच खरे. जातं, झाडणे, पाणी भरणे या कामांत त्याच त्या स्नायूंवर ताण येतो, उलट बाजू कधी ताणली जात नाही.

पाणी भरण्याबद्दल. १५ लिटरची घागर म्हणजे १५ किलो, कमरेवर घेतली की सगळा भार एका बाजूच्या सांध्यावर. अर्धी कळशी, दोन खेपा. उचलताना कमरेतून न वाकता गुडघे वाकवून खाली जा, कळशी अंगाजवळ घ्या, श्वास सोडत उठा. सासूबाईंचे 'वाकू नको' इथे बरोबर आहे.

गर्भारपणात रिलॅक्सिन नावाचे संप्रेरक वाढते आणि सांध्यांना बांधणारे अस्थिबंध सैल होतात. त्यामुळे पूर्वी न जमणारी आसने आता जमू लागतात, आणि फसगत होते ती इथेच. ताण स्नायूंत न जाणवता सांध्यात जातो, चार दिवसांनी जांघेत नाहीतर माकडहाडाच्या बाजूला कळ उठते. नियम असा ठेवा : पूर्वी जिथपर्यंत जात होतात, त्याच्या पाऊण अंतरावर थांबा. झटके, हिसके, उसळ्या नाहीत.

वेळ आणि जागा. आठवड्यातून पाच दिवस, रोज २० ते ३० मिनिटे. जेवणानंतर दीड-दोन तासांनी, पण उपाशीपोटीही नाही. सकाळी करायचे तर अर्धा तास आधी राजगिऱ्याचा लाडू किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ. (मधुमेह निघाला असेल तर लाडू-गूळ नको, शेंगदाणे आणि ताक.) मार्चपासून जूनपर्यंत मराठवाड्यात सकाळी आठच्या आत उरका. पत्र्याच्या खोलीत दुपारी आसने करणे म्हणजे अंग तापवून घेणे, आणि अंगाचे तापमान फार चढणे बाळाला चांगले नाही. लाईट गेली, पंखा बंद पडला की तिथेच थांबा. शहाबादी फरशीवर नुसती चटई घसरते, खाली सतरंजी किंवा घोंगडी दुमडून घाला. गादी फार मऊ, तिच्यावर तोल जातो. सलवार-कुर्ता बरा, साडी असेल तर परकराची नाडी पोटाखाली सैल बांधा. जवळ भिंत किंवा न हलणारी खुर्ची हवीच, कारण पोट पुढे आल्याने तोल बदललेला असतो. आणि करताना एक वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. धाप लागून वाक्य तुटले तर वेग जास्त झाला.

आता प्रत्यक्ष. सुरुवात खुर्चीवर किंवा भिंतीशी बसून : घोटे दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा फिरवा, पायाचे पंजे पुढे-मागे वीस वेळा. मशीनवरून उठताना दर तासाला हेच करा, सूज आणि पोटऱ्यांतले गोळे दोन्ही कमी होतात. रात्री गोळा आलाच तर पंजा स्वतःकडे ओढा, टाच पुढे रेटा. पंजा पुढे ताणला तर गोळा वाढतो. त्यानंतर खांदे मागून दहा वेळा फिरवा, हात मागे नेऊन बोटे गुंफा, छाती पुढे, तीन श्वास.

ताडासन भिंतीला पाठ लावून. पाय जोडून नाही, मध्ये वीतभर अंतर, गुडघे ताठ लॉक केलेले नाहीत. श्वास घेत हात वर, सोडत खाली, पाच-सहा वेळा. टाचा उचलू नका. एका जागी फार वेळ उभे राहू नका, पायांत रक्त साचून भोवळ येते. कटिचक्रासन चालेल, पण पोट न पिळता : पाय दोन फूट अंतरावर, खांदे आणि कंबर एकत्र अर्धे वळवायचे. पोटाला पीळ देणारे अर्धमत्स्येंद्रासन मात्र बंद.

मार्जरासन तुम्हाला सगळ्यांत उपयोगी पडेल, म्हणून ते सविस्तर. हात खांद्यांच्या बरोबर खाली, गुडघे कमरेइतक्या अंतरावर, गुडघ्यांखाली दुमडलेली गोधडी. श्वास सोडत पाठ वर गोल करा, हनुवटी छातीकडे, बाळाला हलकेच वर उचलून धरल्यासारखे पोट आत. दोन-तीन सेकंद. श्वास घेत पाठ फक्त सपाट करा. चूक होते ती इथे : व्हिडिओत सपाटीच्याही खाली पोट लोंबवतात. पोट हलके होते तेव्हा चालत होते, आता बाळाचे वजन कमरेच्या मणक्यांना खाली ओढते आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. आठ ते दहा वेळा पुरे. मनगटात मुंग्या येत असतील (गरोदरपणात मनगटाची नस दबते, मशीनवर काम करणारीला जास्त), तर मुठी वळून टेकवा किंवा पलंगाच्या कडेवर कोपर ठेवून उभ्याने करा. शेवटच्या महिन्यांत कंबर दुखली की दिवसातून दोन-तीनदा या स्थितीत पाच मिनिटे राहिले तरी आराम पडतो. यामुळे आडवे-उलटे बाळ फिरते असे सांगतात, त्याला भक्कम आधार नाही.

भद्रासन : तीन-चार इंच उंच घडीच्या बैठकीवर बसा, पाठ भिंतीला. तळवे जोडा, पण टाचा जांघेत ओढू नका, वीत-दीड वीत पुढे राहू द्या. गुडघ्यांखाली उशा. दोन मिनिटे. गुडघे पंखांसारखे फडफडवणे, ज्याला तितली म्हणतात, ते नको. दोन्ही जांघांच्या मधोमध, समोरच्या हाडावर दुखू लागले, किंवा जिना चढताना, कूस बदलताना, एका पायावर उभे राहून सलवार घालताना तिथे कळ आली, तर हे आसन आणि पाय फाकवणारी सगळी आसने थांबवा. बसून कपडे घाला, कूस बदलताना गुडघे जोडून वळा.

भिंतीचे उत्कटासन : पाठ भिंतीला, पाय दीड फूट पुढे, सहा-आठ इंच खाली सरका, तीन श्वास, वर या. पाच वेळा. मांड्यांना बळ येते, आणि बाळंतपणात ते लागते. मालासन पाटावर बसून, पाठीला भिंत, टाचा टेकलेल्या, २०-३० सेकंद, तीनदा. मूळव्याध, योनीजवळ फुगलेल्या शिरा, खाली असलेली वार, आखूड तोंड, समोरच्या हाडाचे दुखणे यांत मालासन नाही. ३४ आठवड्यांनंतर बाळ पायाळू असेल तरी खोल बैठक टाळा आणि डॉक्टरांना विचारा.

सूर्यनमस्कार : आहेत तसे घालू नका. त्यात डोके झपकन खाली-वर होते, ९.४ हिमोग्लोबिनवर त्याने भोवळ येऊ शकते. हस्तपादासनात पोट दबते आणि भुजंगासनात पोटावर भार येतो. त्याऐवजी खुर्चीचे करा. खुर्ची भिंतीला टेकवा, समोर उभे राहा. श्वास घेत हात वर. सोडत कमरेतून पुढे येऊन हात खुर्चीच्या बैठकीवर, पाय फाकलेले, पाठ सपाट, डोके हातांच्या रेषेतच. एक पाय मागे, मग दुसरा, फळीसारखे नाही, गुडघे किंचित वाकवून. तीन श्वास थांबा, एकेक पाय पुढे आणा, वर या. चार आवर्तने, मध्ये उसंत. बारा नकोत. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, धनुरासन, शलभासन, नौकासन, मयूरासन, पश्चिमोत्तानासन यांची आता चर्चाच नको, कितीही सवय असली तरी.

श्वास. कपालभाती, भस्त्रिका, अग्निसार, नौली, उड्डियान बंध पूर्ण बंद. पोटावर झटके बसतात, आणि जोरजोरात श्वास सोडल्याने डोके हलके होते. अनुलोम-विलोम पाच-सात मिनिटे, श्वास न रोखता. चार अंकांत घ्या, सहा अंकांत सोडा. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, कुठेही नाही, आसन धरतानासुद्धा नाही. भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव) पाच वेळा, कान दाबून न धरता. उन्हाळ्यात शीतली (जीभ नळीसारखी करून तोंडाने श्वास घेणे) बरी, सर्दी असेल तर नको. 'सहा अंकांत सोडणे' ही एकच सवय पक्की झाली तरी कळा येतील तेव्हा उपयोगी पडते, कारण कळ आली की बाई आपसूक श्वास रोखते.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम रोज : लघवी आणि वायू दोन्ही अडवल्यासारखे आत-वर आकसा, पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सैल सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांड्या, नितंब घट्ट होता कामा नयेत. प्रत्यक्ष लघवी करताना थांबवून सराव करू नका. सैल सोडणेही तितकेच शिकायचे आहे, बाळ बाहेर येताना तेच लागते.

शेवटी विश्रांती, दहा मिनिटे, डाव्या कुशीवर. डोक्याखाली उशी, दोन गुडघ्यांमध्ये घोट्यापर्यंत पोचेल अशी दुसरी, पोटाखाली गोधडीची पातळ घडी. उजवी कूसही चालते. उठताना सरळ उठून बसू नका. तसे केले की पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येतो, म्हणजे मधले स्नायू बाजूला सरकताहेत. कुशीवर या, हाताने रेटा, बसा, दोन श्वास, मग उभे राहा. बाजेवरून, गादीवरून, सगळीकडून असेच.

कधी तिथल्या तिथे थांबायचे : अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ठरावीक अंतराने पोट कडक होऊन दुखणे, छातीत दुखणे, बसल्या जागी धाप, एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, जोराचे डोके दुखून डोळ्यांपुढे चमकणे, चेहऱ्या-हातांवर अचानक सूज, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी. यातले काहीही 'झोपून बघू' म्हणण्यासारखे नाही. १०२ किंवा १०८ ला फोन करा. अंधारी येऊन कुशीवर पाच मिनिटांत गेली नाही, तरी तसेच.

क्लासचे पैसे भरण्याआधी शिकवणारीला विचारा की वार खाली असेल तर तुम्ही काय बदल करता. उत्तर 'काही होत नाही' असे आले तर परत फिरा. आसने केली की बाळंतपण नॉर्मलच होते, अशी हमी कोणी देत असेल तरी परत फिरा. सिझर बाळाच्या ठोक्यांवर, बाळ कसे आहे त्यावर, रक्तदाबावर आणि अशाच बऱ्याच गोष्टींवर ठरते.

२४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासतात. १४० किंवा जास्त आली तर जेवणानंतर १५-२० मिनिटे सावकाश चालणे आसनांइतकेच महत्त्वाचे ठरेल. सातव्या महिन्यात माहेरी जायचे असेल तर एसटीत दर दीड तासाने उतरून पाच मिनिटे चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, पाण्याची बाटली हातात ठेवा. कार्ड, सोनोग्राफीचा अहवाल आणि रक्ताचे रिपोर्ट बॅगेत वरच ठेवा. माहेरच्या दवाखान्यात पहिल्याच भेटीत सध्या कोणती आसने चालू आहेत ते कागदावर लिहून दाखवा. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर यादीतली उभ्याने करायची आसने निम्मी होतात, श्वसन आणि कुशीवरची विश्रांती वाढते.